दोन टक्क्यांचे कूळ

मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातले ५४ वे कलम सहसा कुणी उघडून पाहत नाही. देवस्थानांचे वाद, विश्वस्तांच्या नेमणुका, वार्षिक हिशेब यांची कलमे वकिलांना तोंडपाठ असतात. ५४ वे मात्र मंदिर-मठांसाठी नाही, ते आडत दुकानासाठी आहे. धंद्याच्या रूढीप्रमाणे किंवा व्यवहारातल्या करारानुसार, धर्मादाय कामासाठी म्हणून गिऱ्हाइकाकडून जी रक्कम घेतली जाते, तिला नाव कोणतेही असो, ती 'धर्मादा' समजायची. ती घेणारा तिचा मालक होत नाही, विश्वस्त होतो. हिशेबाचे वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याने धर्मादाय कार्यालयाला तिचा हिशेब द्यायचा.

हे वाचले आणि कंपनी कायदा, २०१३ मधले १३५ वे कलम डोळ्यांसमोर आले. सामाजिक उत्तरदायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा, दोन टक्के निधी ज्यातून येतो तेच हे कलम. या दोन कलमांमध्ये त्रेसष्ट वर्षांचे अंतर आहे, तरी त्यांचे रक्ताचे नाते आहे असे माझे ठाम मत झाले आहे. आज जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत कंपनीच्या पैशातून वर्ग बांधला जातो किंवा एखाद्या मुलाला श्रवणयंत्र मिळते. त्या पैशाचा मूळपुरुष अमेरिकेत शोधू नये, जालन्याच्या मोंढ्यात शोधावा.

मोंढ्यातली हिशेबपट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. अंबडचा शेतकरी कापूस, तूर, ज्वारी घेऊन गेला की वजन व्हायचे, भाव ठरायचा आणि पट्टी हातात पडायची. वर मालाची रक्कम, खाली वजावटी: आडत, हमाली, तोलाई, कुठे कडता. या रांगेच्या शेवटी धर्मादायाची ओळ असे, कधी तिच्या जोडीला गोशाळा. रक्कम पोत्यामागे किरकोळच असे. पण मोंढ्यात पोती हजारोंनी येतात. त्या थेंबाथेंबातून पाणपोया चालल्या, धर्मशाळा उठल्या, गोरक्षण संस्था उभ्या राहिल्या. कुणाच्या मनात दया आली म्हणून हा पैसा निघत नव्हता. तो दराने निघत होता. शेठजींचा त्या दिवशीचा स्वभाव कसाही असो, ओळ कापली जायचीच. माझ्या दृष्टीने सगळे मर्म यात आहे. दानशूर माणसे जगात सगळीकडे सापडतात. दान दरात बसवून व्यवहाराच्या कागदावर छापणे ही वेगळी कल्पना आहे.

या ओळीला शत्रूही होते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने बाजारांतल्या मनमानी वजावटींवर टीका केली, त्यात धर्मादायाच्या नावाखालची कपातही होती. आक्षेप रास्त होता: पैसा शेतकऱ्याचा आणि पाटीवर नाव व्यापाऱ्याचे. पुढे बाजार समित्यांच्या नियमनाने अशा बऱ्याच वजावटींना चाप बसला.

न्यायालयातही ही ओळ सुखाने नांदली नाही. १८९९ मध्ये मुंबईच्या एका मृत्युपत्राच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 'धरम'साठी ठेवलेली रक्कम रद्द ठरवली. धर्म म्हणजे नेमके काय, हे संदिग्ध असल्याने न्यायालय त्यावर देखरेख ठेवू शकत नाही, असे कारण दिले. हाच मुद्दा पुढे आयकर खात्याने व्यापाऱ्यांच्या धर्मादायावर चालवला. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्स या गिरणीने सुताच्या गठ्ठ्यामागे आणि रुईच्या गाठीमागे धर्मादाय घेतला होता. ही गिरणीचीच कमाई, तिच्यावर कर भरा, असे खात्याचे म्हणणे. १९७९ च्या निवाडासंग्रहांत छापलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. व्यापारी रूढीत या रकमेचा अर्थ ठरलेला आहे, ती पहिल्या क्षणापासून धर्मादायासाठीच घेतली जाते, म्हणून ती गिरणीचे उत्पन्न होतच नाही. ५४ व्या कलमाने १९५० मध्ये जे सांगितले होते तेच दिल्लीने मान्य केले. पैसा हातातून जातो म्हणून तो हाताचा होत नाही.

आता प्रतिस्पर्धी दावे पाहू. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही गोष्ट अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांच्या १९५३ च्या ग्रंथापासून सुरू होते. आपल्याकडे टाटा-बजाज आणि गांधीजींचा विश्वस्त सिद्धान्त ही वंशावळ सांगितली जाते. ती खोटी नाही. पण गांधीजींचा विश्वस्त स्वेच्छेने विश्वस्त होतो, त्याच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहावी लागते. दोन टक्क्यांना हृदयपरिवर्तन लागत नाही, आकडा लागतो. त्यामुळे गांधीजींना मी या कुळाचे गुरू मानीन, पूर्वज नाही.

अंबडकर मात्र वेगळा आणि भक्कम दावा मांडतील: अहिल्याबाईंच्या खासगीचा. अंबड परगणा होळकरांकडे होता. मत्स्योदरीच्या टेकडीच्या या गावात पुष्करणी बारव परंपरेने अहिल्याबाईंच्याच नावावर आहे. होळकरशाहीत दौलत आणि खासगी अशा दोन तिजोऱ्या होत्या. पहिल्या बाजीरावांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची सनद दिली आणि ती मिळकत पुढे अहिल्याबाईंकडे आली. १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारभारात काशी, सोमनाथ, गया, वेरूळ इथपर्यंत जी देवळे, घाट, विहिरी, अन्नछत्रे उभी राहिली, त्यामागे ही वेगळी तिजोरी होती. राज्याच्या पैशाला हात न लावता, आधीच बाजूला काढलेल्या उत्पन्नातून लोककार्य करायचे, ही रचना कुठल्याही आधुनिक फाउंडेशनला शोभेल. ती टिकलीही: इंदूरला १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट झाला तो याच मिळकतीचा.

मला हा दावा मोह घालतो. वेगळी तिजोरी ही खूण तंतोतंत जुळते. तरी दोन ठिकाणी तो अडतो. खासगी हे राजघराण्याच्या स्त्रीचे स्वतःचे उत्पन्न होते. त्याचा हिशेब मागण्याचा हक्क कुणाला नव्हता. तो पैसा सत्कारणी लागला तो अहिल्याबाईंच्या चारित्र्यामुळे. दुसरे असे की, १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेतला होळकरांचा अंमल संपला, अंबड निजामाच्या राज्यात गेले आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिले. या सव्वाशे-दीडशे वर्षांत गावाला रोज दिसत होती ती मोंढ्यातली पट्टी, खासगी नव्हे. माझ्या वंशावळीत खासगी थोरल्या मावशीच्या जागी बसते. मान मोठा, पण वारसा दुसरीकडून आला.

तो वारसा आडत्याकडून कंपनीकडे थेट उडी मारून गेला नाही. मध्ये एक पिढी आहे आणि ती फक्त महाराष्ट्रात नीट दिसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ६९ सांगते की, राखीव आणि शिक्षण निधी काढून झाल्यावर सहकारी संस्थेला निव्वळ नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंतची रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी बाजूला ठेवता येते. नफ्याचा टक्का आणि धर्मादाय हे दोन शब्द कायद्याच्या एका वाक्यात आले, ते कंपनी कायद्याच्या अर्धशतक आधी. प्रत्यक्षात साखर कारखाने याच्याही पुढे गेले होते. उसाच्या बिलातूनच टनामागे शिक्षणासाठी कपात होऊ लागली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि १९६४ मध्ये त्याच परिसरात प्रवरा पब्लिक स्कूल उभे राहिले. ही वाट पुढे राज्यभर मळली. अंबड तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना आणि मत्स्योदरी शिक्षण संस्था या दोन्हींमागे अंकुशराव टोपे हे एकच नाव आहे.

टनामागची ही कपात कुठून सुचली? माझा तर्क असा. कारखान्यांचे पहिले सभासद म्हणजे मोंढ्यात पट्ट्या घेऊन आलेले शेतकरी. आपल्या मालातून कापलेल्या पैशाने दुसऱ्याच्या नावाची धर्मशाळा उभी राहते, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. स्वतःचा कारखाना झाल्यावर त्यांनी ती ओळ पुसली नाही, तिचा पत्ता बदलला. ओळ तीच, कागद उसाच्या बिलाचा, आणि पैसा आपल्या पोरांच्या शाळेला. एखादा ठराव दाखवून हे सिद्ध करता येणार नाही, पण वजावटीची जागा, टनामागचा दर आणि न विचारता कापण्याची पद्धत, तिन्ही गोष्टी पट्टीवरून उचललेल्या आहेत. इतके साम्य योगायोगाने येत नाही.

व्यापारी पेठही तोवर बदलली होती. जालन्याच्या जेईएस महाविद्यालयाच्या नावात बगडिया, लखोटिया आणि बेझंजी अशी तीन घराणी आहेत. दोन मारवाडी, एक पारशी. धर्मशाळेला जाणारा पैसा कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांकडे वळल्याचा हा ठसा. १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढणारे बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने तिथे शाळा आणि गणपती नेत्रालय उभे राहिले, ते दोन टक्क्यांचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी. कायदा आला तेव्हा जालन्याला ही कल्पना नवी नव्हती.

१ एप्रिल २०१४ पासून १३५ वे कलम लागू झाले. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा कंपनीने गाठली तरी तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य. हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून आयकरात वजा होत नाही. शेतकऱ्याची जुनी तक्रार इथे मिटली: आता पैसा गिऱ्हाइकाच्या बिलातून नाही, कंपनीच्या नफ्यातून निघतो.

पण एक भगदाड राहिले होते. पैसा खर्च झाला नाही तर संचालक मंडळाने अहवालात कारण लिहिले की भागत असे. म्हणजे तो अजून कंपनीचाच होता. २२ जानेवारी २०२१ पासून हे बदलले. न खर्चलेली रक्कम सहा महिन्यांत ठरलेल्या सरकारी निधीत भरायची. चालू प्रकल्पाची असेल तर तीस दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात टाकायची आणि तीन वर्षांत संपवायची. त्या दिवशी दोन टक्के खऱ्या अर्थाने धर्मादाय झाले. पैसा हातातून जातो, हाताचा होत नाही, हे ५४ व्या कलमाने आडत्याला पहिल्या दिवसापासून सांगितले होते. कंपन्यांना तेच सांगायला सात वर्षे गेली.

विशेष गरजांच्या मुलांपाशी मात्र ही वंशावळ तुटते. धर्मादायाच्या जुन्या यादीत पांजरपोळ आहे, सदावर्त आहे, पाठशाळा आहे; कर्णबधिर मुलाची शाळा नाही. ते मूल होते, पण सदावर्ताच्या रांगेत. त्याच्या शिक्षणाची शाखा वेगळ्या झाडाची आहे: मुंबईत १८८५ मध्ये निघालेली मूकबधिरांची शाळा, १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी काढलेली अंधांची शाळा. ही फांदी धर्मादायावर कलम झाली ती कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत. तिथे शिक्षणाच्या नोंदीतच विशेष शिक्षणाचा नावानिशी उल्लेख आहे. या उल्लेखासाठी मी त्या कायद्याचा ऋणी आहे.

तरी कलम अजून नीट धरलेले नाही, आणि त्याचे कारण पैशाच्या आकारात आहे. अंबडमधल्या तीन वर्षांच्या कर्णबधिर मुलीला काय लागते ते बघा. यंत्र एकदा मिळते. कानात बसवायचा साचा मात्र पुन्हा पुन्हा नव्याने करावा लागतो, कारण मूल वाढते तसा कानही वाढतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारते आणि मूल ते काढून ठेवते. बॅटऱ्या संपतात. वाचा-उपचारासाठी आईला मजुरी बुडवून जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि तेही शाळेचा पाया पक्का होईपर्यंत, आठ-दहा वर्षे. कायद्यातला 'चालू प्रकल्प' सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. पैसा थांबतो तेव्हा मुलगी दुसरीत असते.

यावरचा उपाय आपल्याच भूमीत कोरलेला आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी ठेवली: एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत करायची नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेख सांगतो की वर्षावासातल्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा द्यावेत. वीस बारे २४०. हिशेब दगडात बरोबर जुळतो. शिवाय ही देणगी निगमसभेत वाचून दाखवली आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवली, असेही त्यात आहे. श्रेणीला इथे काही लोक पहिली धर्मादायी कंपनी म्हणतात. ते मला मान्य नाही. श्रेणी पैसे सांभाळत होती, देणारा राजपुरुष होता. पण अक्षयनीवी, म्हणजे कधी न मोडायची मुद्दल, ही कल्पना धर्मादायाहून जुनी आहे आणि विशेष शाळेला नेमकी तीच हवी आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम आता दोन टक्क्यांत धरली जात नाही. पैसा ठेवीत पडून राहील, कामाला लागणार नाही, ही भीती समजते. ज्यांनी अशा ठेवी पाहिल्या आहेत त्यांना ती निराधार वाटणार नाही. मग विशेष शिक्षणापुरताच अपवाद करावा. मुद्दल सरकारी रोख्यांत ठेवावी, व्याजाखेरीज पै मोडू नये. मुलांची नावे झाकून साचे किती, बॅटऱ्या किती, उपचाराच्या फेऱ्या किती, हा हिशेब दरवर्षी शाळेच्या फलकावर लागावा आणि तीन महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावा. त्यासाठी नवा मसुदा शोधायला नको. मुदत ५४ व्या कलमात आहे आणि फलक उषवदाताच्या लेखात.