लॅब-तंत्रज्ञाची पुस्तके व साधने (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारे तंत्रज्ञ आणि डीएमएलटी, बीपीएमटी शिकणारे विद्यार्थी यांना रोज लागणारी पुस्तके, काचसामान, उपकरणे आणि संरक्षक वस्तू. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात हे काम कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांच्या प्रयोगशाळांत चालते, आणि त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात गल्लोगल्लीच्या लहान लॅबमध्ये व कलेक्शन सेंटरांत. एक सेल काउंटर, एक सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर, एक सेंट्रिफ्यूज आणि एक मायक्रोस्कोप एवढ्यावर यातल्या अनेक लॅब उभ्या आहेत. रिपोर्टावर आकडा यंत्र छापते. तो आकडा खरा की खोटा, हे मात्र बहुतेक वेळा सॅम्पल यंत्रात जाण्याआधीच ठरलेले असते. म्हणून या नोंदीत महागड्या यंत्रांपेक्षा हातातल्या वस्तूंना अधिक जागा दिली आहे.

पुस्तके घ्यायला इथला विद्यार्थी अजूनही परळ गाठतो. कल्याणहून जलद गाडीने दादर, तिथून धीम्या गाडीने परळ, आणि केईएम रुग्णालयासमोर भलाणी. प्रफुल्ल गोडकर व दर्शन गोडकर यांचे मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीवरचे जाडजूड पाठ्यपुस्तक याच भलाणी प्रकाशनाचे. मुंबई परिसरातल्या डीएमएलटीवाल्यांच्या पिशवीत ते हमखास सापडते. कनाई मुखर्जी यांचे तीन खंड आणि रमणिक सूद यांचे पुस्तक हे त्याचे शेजारी. परीक्षेपुरते यांपैकी एक पुरते. टेबलावर काम करताना उपयोगी पडणारी पुस्तके वेगळी आहेत. मोनिका चीजब्रो यांचे उष्ण कटिबंधातल्या जिल्हा प्रयोगशाळांसाठी लिहिलेले दोन भागांचे पुस्तक, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्य प्रयोगशाळेच्या मूलभूत तंत्रांवरची पुस्तिका (दुसरी आवृत्ती २००३), ही दोन्ही वीज, पाणी आणि पैसा बेताचाच आहे असे धरून लिहिलेली आहेत. शिवाय पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. पहिल्या वर्षाच्या मुलाने एकच पुस्तक छापून, शिवून जवळ ठेवायचे असेल तर ते हे.

रक्तशास्त्रासाठी डेसी व लुईस (पहिली आवृत्ती १९५०), सूक्ष्मजीवशास्त्रासाठी अनंतनारायण व पणिकर, परजीवींसाठी के. डी. चॅटर्जी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. जुनी प्रत घेताना एक भेद लक्षात ठेवावा. पेशींची चित्रे, रंगद्रव्ये, स्मिअर काढण्याची रीत सहसा शिळी होत नाही. बायोकेमिस्ट्रीच्या पद्धती मात्र झपाट्याने मागे पडतात. साखरेसाठी फोलिन-वू किंवा ऑर्थो-टोल्युडिन शिकवणारे प्रकरण आज फक्त इतिहास म्हणून वाचावे.

सर्वांत कमी वाचले जाणारे पुस्तक किटच्या खोक्यातच असते. ती घडी घातलेली पातळ कागदाची पट्टी. जीओडी-पीओडीने साखर करताना एका कंपनीची किट १० मिनिटे ठेवायला सांगते, दुसरी १५. तरंगलांबी ५०५ नॅनोमीटर, पण रक्त आणि रिएजंटचे प्रमाण बदललेले असू शकते. कोणत्या आकड्यापुढे रीडिंग विश्वासार्ह नाही आणि सॅम्पल पातळ करून पुन्हा लावायचे, तेही त्यावरच लिहिलेले. किट बदलली आणि सेमी-ऑटोमध्ये जुनाच प्रोग्रॅम राहिला, तर दिवसभराचे रिपोर्ट एकाच दिशेला सरकतात आणि रुग्णाला ते कळायला मार्ग नसतो. प्रत्येक नव्या किटचा कागद तारीख घालून फाइलला लावावा. तिच्याशेजारी आलेखाची वही ठेवून रोजचा कंट्रोल लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर टिंबाने मांडावा. सलग सात-आठ टिंबे मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडू लागली की काहीतरी बिघडले आहे हे आकडा हाताबाहेर जाण्याआधीच दिसते.

साधनांत पहिला मान बल्बचा. इथे नळीला ट्यूब कुणी म्हणत नाही. प्लेन बल्ब, ईडीटीए बल्ब, फ्लोराइड बल्ब, सायट्रेट बल्ब. रक्त भरायचा क्रम ठरलेला आहे: आधी निळ्या झाकणाचा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा, नंतर जांभळा ईडीटीए, शेवटी राखाडी फ्लोराइड. का, ते एका चुकीवरून पाहू. प्लेन बल्ब कमी भरला म्हणून कुणी जांभळ्यातले थोडे रक्त त्यात ओतले. वरून काहीच दिसत नाही. पण जांभळ्या बल्बच्या आतल्या भिंतीवर पोटॅशियमयुक्त ईडीटीए फवारलेला असतो. रिपोर्टमध्ये पोटॅशियम जिवंत माणसात असूच शकणार नाही इतके वर जाते, आणि ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवत असल्याने कॅल्शियम तळाला. सावध तंत्रज्ञ ही जोडी पाहताच रिपोर्ट थांबवतो आणि नवे सॅम्पल मागवतो.

घरी जाऊन रक्त आणणाऱ्या मुलांसाठी हेच नियम अधिक कडक असायला हवेत. टिटवाळ्याला किंवा बदलापूरला सकाळी सातला काढलेले रक्त मुख्य लॅबमध्ये पोचेपर्यंत दुपार होते. फ्लोराइड नसेल तर तांबड्या-पांढऱ्या पेशी बल्बमधली साखर खातच राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. मधुमेही माणसाची साखर आटोक्यात आहे असे दिसते, आणि ती नसते. बर्फाची पिशवी बल्बला थेट टेकली तर पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेले रक्त नुसते थंड ठेवले तरी पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते. चांगली पेटी म्हणजे बल्ब उभे राहतील असा स्टँड, बर्फ आणि बल्ब यांच्यामध्ये जाड कापड किंवा फोम, आणि गर्दीच्या लोकलमध्ये छातीशी धरता येईल असा पट्टा.

न्यूबाअर चेंबर आता कपाटात गेले आहे, पण परीक्षेत आणि सेल काउंटर बंद पडल्यावर तेच उपयोगी पडते. २० मायक्रोलिटर रक्त ०.३८ मिली टर्क द्रावात, म्हणजे एकास वीस. चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि ५० ने गुणायचे: १३० मिळाल्या तर काउंट ६,५००. चेंबरची जाड कव्हरस्लिप वेगळी असते. साधी पातळ लावली तर ती वाकते, ०.१ मिलिमीटरची खोली राहत नाही आणि सगळे गणित फसते. ईएसआरच्या वेस्टरग्रेन नळीचा स्टँड सेंट्रिफ्यूजच्या हादरणाऱ्या टेबलावर ठेवू नये, आणि नळी सरळ उभी हवी. ती तीन अंशांनी कलली तरी ईएसआर ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

मायक्रोस्कोपचा शत्रू खाडीकाठचा पावसाळा. जूनपासून लेन्सवर बुरशी धरते. आधी धूसर ठिपका, मग जाळी, आणि काचेवरचा लेप एकदा खाल्ला की तो परत येत नाही. लाकडी कपाटात पेटता लहान बल्ब, किंवा झाकणाखाली सिलिका जेल, हे साधे उपाय कामाचे आहेत. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. शंभराच्या लेन्सवरचे तेल रोज संध्याकाळी लेन्स पेपरने टिपावे. रुमालाने किंवा कापसाने पुसू नये. याच महिन्यांत मलेरियाच्या स्लाइड सर्वाधिक येतात. जाड थेंब दमट हवेत लवकर वाळत नाही आणि उघडा ठेवला तर मुंग्या तो चक्क खाऊन टाकतात. झाकणाची ट्रे ही पावसाळ्यातली मोलाची खरेदी. रंगासाठी सरकारी कार्यक्रमात जेएसबी, खासगी लॅबमध्ये लिशमन किंवा फील्ड स्टेन. बफरचा पीएच ७.२ असला की परजीवी नीट उठून दिसतो, ६.८ ला तितका नाही. शंभर फील्ड पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नये.

या परिसरासाठी एका कुपीचा खास उल्लेख हवा: अँटी-एच. १९५२ साली केईएममध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांना बाँबे रक्तगट सापडला आणि लॅन्सेटमध्ये त्याची नोंद झाली. अशा व्यक्तीचे रक्त अँटी-ए आणि अँटी-बी दोन्हींशी गुठळी करत नाही, म्हणून स्लाइडवर ते सरळ ‘ओ’ दिसते. पण तिच्या सीरममध्ये अँटी-एच असल्याने ‘ओ’ रक्तही तिला चालत नाही. दिले तर जीव जाऊ शकतो. मुंबईच्या आसपास साधारण १०,००० माणसांत एक असे याचे प्रमाण मानले जाते. सीरमची उलट बाजूने ‘ओ’ पेशींशी तपासणी केली की शंका येते, आणि अँटी-एचने खात्री होते. रक्तगटाचे कार्ड देणाऱ्या लहान लॅबनेही ही उलट तपासणी टाळू नये.

साहित्य मिळण्याची ठिकाणे जवळ आहेत. काचसामान आणि रसायनांसाठी मुंबईची प्रिन्सेस स्ट्रीट. कल्चर मीडिया बनवणारी हायमीडिया ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली. रक्तगटाची अँटीसेरा बनवणारी ट्यूलिप शेजारच्या गोव्यातली. मायक्रोस्कोप अनेकदा अंबाल्याचे.

हातमोजे, नीडल कटर आणि अ‍ॅप्रन यांत कसर करू नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस आणि जंतूंच्या प्लेट पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज आणि प्लास्टिकचे बल्ब लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. हेच नियम कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतात. शिकाऊ मुलांना कामाला लावताना हे सर्रास विसरले जाते. पहिल्या दिवशीच लस मागायला हवी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवावे, दाबून रक्त काढू नये, आणि एचआयव्हीसाठीची औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, सुरू करावीत.

शेवटचे साधन दुकानात मिळत नाही. पुस्तके इंग्रजीत, रुग्ण मराठी बोलणारा. ‘स्पुटम द्या’ म्हटले की डबीत लाळ येते, आणि टीबी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह जातो. ‘सकाळी उठल्यावर चूळ भरा, दोनतीनदा खोल श्वास घ्या, छातीतून खाकरून बेडका काढा, तोंडातली थुंकी नको’ असे सांगितले की घट्ट, पिवळसर नमुना येतो. लघवीसाठी ‘सुरुवातीची सोडून द्या, मधली धरा’. अशी वाक्ये लिहून भिंतीवर लावली तर कलेक्शनचा मुलगा नवा असला तरी चालते. आणि नाव डबीच्या अंगावर लिहावे, झाकणावर नाही. टेबलावर चार डब्या एकदम उघडल्या की झाकणे बदलतात.