भाड्याच्या घरातील आपत्कालीन परिस्थिती

भाड्याच्या घरातील आपत्कालीन परिस्थिती या संज्ञेत आग, गॅसगळती, विजेचा धक्का, पूर, छताची पडझड यांसारख्या भाडेकरूवर अकस्मात ओढवणाऱ्या संकटांचा समावेश होतो. अशा प्रसंगी धोका राहणाऱ्याला असतो. वास्तूची मालकी व तिच्या रचनेची माहिती मात्र घरमालकाकडे असते. या विभागणीमुळे तातडीच्या कृतीस विलंब होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील स्थितीचा विचार केला आहे.

पूर्वतयारी

घराचा ताबा घेताना विजेचा मुख्य स्विच, पाण्याची मुख्य तोटी आणि बाहेर पडण्याचे मार्ग प्रत्यक्ष पाहून घेणे हिताचे असते. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारावे लागते. खिडक्यांना उघडता न येणारी लोखंडी जाळी असल्यास आगीच्या वेळी सुटकेचा एक मार्ग बंद होतो. जाळीतील बदल घरमालकाच्या संमतीने करावयाचा असल्याने हा विषय करारापूर्वीच मांडणे सोयीचे ठरते. घरमालक परगावी राहत असल्यास त्याच्या स्थानिक प्रतिनिधीचे नाव व दूरध्वनी क्रमांक करारात नोंदवता येतात.

तातडीची कृती

जीव वाचवण्यासाठी घरमालकाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. मदतीसाठी ११२ हा एकत्रित क्रमांक असून अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीसाठी १९०६ हे क्रमांक आहेत. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्यामुळे वास येताच रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. दूरध्वनी घराबाहेर जाऊन करावा.

दुरुस्तीची जबाबदारी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. कलम २९ अन्वये पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाविना तोडण्यास घरमालकाला मनाई आहे. शहरांत प्रचलित असलेल्या ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारात राहणारा हा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्यामुळे दुरुस्तीविषयीच्या अटी करारातच स्पष्ट असणे त्याच्यासाठी अधिक महत्त्वाचे असते.

धोकादायक इमारती

मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती व पुनर्रचना म्हाडाच्या अखत्यारीतील मंडळ पाहते. घर सोडल्यास हक्क जाईल, या भीतीने अनेक भाडेकरू धोकादायक ठरलेल्या इमारतीतही राहत असतात. सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनशी खिमजी प्रकरणात २०१४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार केवळ इमारत पाडली गेल्याने भाडेकरूचा हक्क संपुष्टात येत नाही. मिरजेतील, महापालिकेने पाडलेल्या इमारतीसंबंधीचे ते प्रकरण होते. तथापि हक्क सिद्ध करण्यासाठी भाडेपावत्या, करार व जागेच्या क्षेत्रफळाची नोंद जपून ठेवणे आवश्यक असते.

नोंदी व भरपाई

संकट टळल्यावर नुकसानीची छायाचित्रे घेणे, खर्चाच्या पावत्या ठेवणे आणि घरमालकास लेखी कळवणे उपयुक्त ठरते. पुरानंतर महसूल यंत्रणा पंचनामा करते, तेव्हा तेथील वास्तव्याचा पुरावा हाताशी असावा लागतो. घरमालकाने उतरवलेल्या इमारतीच्या विम्यात भाडेकरूच्या सामानाचे संरक्षण सहसा नसते. भाडेकरूला आपल्या घरसामानाचा विमा स्वतंत्रपणे उतरवता येतो.