मोरीचा इतिहास: मराठी घरातील ओल्या जागेची मांडणी

मराठी घराविषयी लिहिताना देवघर, माजघर आणि ओसरी यांचे वर्णन हमखास येते. बाहेरून येणारा चिखल आणि घरातून निघणारे धुणे यांची सोय जेथे लावली जाते ती ओली जागा मात्र बहुधा एखाद्या ओळीत आटोपली जाते. वास्तविक घरातील श्रमाची, पाण्याची आणि शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांची जी माहिती या जागेवरून मिळते, ती दिवाणखान्यावरून मिळणे कठीण. एकोणिसाव्या शतकापर्यंत ती एक जागा नव्हतीच. चिखल घराच्या पुढच्या अंगाला अडवला जाई, धुणे मागच्या अंगाला किंवा नदीवर होई, आणि या दोहोंच्या मध्ये अख्खे घर उभे असे. मुंबईच्या चाळीतील खोलीने ही दोन टोके एका कोपऱ्यात आणली. पुढे मोरीत जी दाटी कायमची होऊन बसली, तिचे मूळ घरातल्या बाईच्या गबाळेपणात नसून या एकत्रीकरणात आहे.

कोकणातील घराला पुढची पडवी असते, म्हणजे मुख्य छपराचा उतार खाली ओढून भिंतीबाहेर मिळवलेली अरुंद, अर्धवट उघडी जागा. पावसाळ्यात घराबाहेरचे सारे ओले सामान येथेच थांबे: भिंतीला टेकवलेले नांगर आणि जू, खुंटीवर निथळणाऱ्या घोंगड्यांच्या खोळी, आणि इरली, म्हणजे बांबूच्या कामट्या व पाने यांचे डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे आच्छादन, जे भातलावणीसाठी वाकलेल्या माणसाच्या अंगावरून घसरत नाही. वहाणा पायरीखाली राहत, पाय धुण्यासाठी दाराशी पाणी भरून ठेवलेले असे, आणि पाय धुतल्यावरच माणूस ओटीवर चढे. या रिवाजाला शिष्टाचाराचे आणि शुचित्वाचे रूप आले असले, तरी त्यामागे एक रोकडे कारणही होते. शेणाने सारवलेली जमीन चिखलाच्या ओल्या पायांनी उखडते, आणि ती पुन्हा सारवण्याचे काम घरातल्या बायकांच्याच वाट्याला येते.

मागच्या दारी याहून वेगळा कारभार चाले. तेथे विहीर, तिच्याजवळ धुणे आपटण्याचा दगड, आडोशाला न्हाणी आणि पाणी तापवण्याची चूल असे. न्हाणीचे सांडपाणी पाटाने परसातील अळवाला आणि केळींना जाई, त्यामुळे ते कोठे सोडावे हा प्रश्नच उद्भवत नसे. कपड्यांचा मळ काढण्यासाठी राख, पापडखार आणि रिठ्याचे पाणी वापरत; रिठ्याच्या सालीतील फेस आणणारे द्रव्य सौम्य असल्याने रेशमी आणि लोकरी वस्त्रांसाठी त्यालाच पसंती असे. ब्राह्मणी घरांत याखेरीज सोवळ्याचे वस्त्र, म्हणजे धुतल्यानंतर कोणाचाही स्पर्श न होता वाळलेले आणि स्वयंपाक व पूजेच्या वेळी नेसायचे वस्त्र, वेगळे वाळत घालावे लागे. त्यासाठी वलणी छताच्या जवळ टांगलेली असे आणि धूतवस्त्र तिच्यावर लांब काठीने टाकून काठीनेच उतरवले जाई, जेणेकरून खालून जाणाऱ्या पोरांचा हात त्याला लागू नये. घरातील उभ्या जागेचा इतका काटेकोर उपयोग नंतरच्या काळात क्वचितच झाला असेल.

घरातले सगळेच धुणे घरी होत नसे. गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी परीट हा कपडे धुणारा. बलुतेदार म्हणजे गावाची ठरावीक सेवा करून त्याबद्दल सुगीच्या वेळी धान्याचा वाटा घेणारा कारागीर. परीट कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीच्या वाफेवर चढवी, नंतर वाहत्या पाण्यात दगडावर आपटून धुई आणि खळ देई. कोणता कपडा कोणाचा हे कळावे म्हणून बिब्ब्याच्या रसाने कोपऱ्यात खूण केली जाई. ती धुण्याने जात नसे, परंतु हाच रस कातडीला लागल्यास फोड आणतो. सोयरसुतकातील, म्हणजे जन्ममृत्यूच्या विटाळातील, जे कपडे घराला नकोसे होत ते परटाकडे जात, आणि लग्नात मंगल म्हणून अंथरायच्या पायघड्याही त्याच परटाने घालायच्या असत. एकाच हाताला विटाळही सोपवायचा आणि मांगल्यही, ही या व्यवस्थेतील विसंगती तिच्या लाभार्थींना फारशी खुपली नाही. परीट समाजात १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी खराटा हाती घेऊन गावेच्या गावे झाडली, याचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा.

शहरात पुढच्या आणि मागच्या दारांची ही विभागणी टिकणे शक्य नव्हते. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी मिळू लागले, आणि विहिरीपाशी जाणारे माणूस नळापाशी येऊन थांबले. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला व त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० मध्ये निघालेल्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या. त्यांतील खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामायिक, आणि पाण्याचे बाकी सारे काम मोरीत. वाड्यात मोरी असे ती सांडपाणी सोडण्यापुरती. येथे ती न्हाणी, विहिरीचा काठ आणि पडवी या तिन्हींच्या जागी आली.

या मोरीची घडण साधीच होती. खोलीच्या एका कोपऱ्यात वीतभर उंचीचा कठडा, आत उतार दिलेली शहाबादी फरशी, आणि तळाशी पाणी जायला भोक, ज्यात उंदीर येऊ नयेत म्हणून रात्री चिंधीचा बोळा कोंबत. गुलबर्ग्याजवळच्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड थरांनी सुटतो, त्यामुळे त्याच्या सपाट लाद्या निघतात, आणि मुंबईकडून रायचूरला जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाल्यावर त्या दूरवर नेणे सोपे झाले. एवढ्याशा चौकोनात पिंप, हंडे आणि कळशा यांनी अर्धी जागा व्यापलेली असे. उरलेल्या जागेची वाटणी फळ्या-खुंट्यांनी होणे शक्य नसल्याने ती वेळेने झाली, आणि मोरीच्या मांडणीतील खरी कल्पकता याच ठिकाणी दिसते: नळ यायच्या आधी पिंप विसळून ठेवायचे, पाणी असेतो भरून घ्यायचे, गिरणीच्या पाळीप्रमाणे पुरुषांच्या आंघोळी, मग साडीचा आडपडदा लावून बायकांच्या, त्यानंतर धुणे, शेवटी भांडी. क्रम चुकला तर धुतलेल्या कपड्यांवर खरकटे उडे. धुणे मोरीत झाले तरी वाळवण्यासाठी गॅलरीतली दांडीच लागे, आणि त्या दांडीच्या लांबीवरून होणारे तंटे हा चाळीच्या सामाजिक इतिहासाचा एक स्वतंत्र भाग ठरावा.

धुण्याच्या साधनांनीही या कोपऱ्याला हातभार लावला. लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ मध्ये भारतात आला; परदेशी साबणांत जनावरांची चरबी असे, ही सोवळ्याच्या घरांत मोठीच अडचण होती, आणि गोदरेजने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस वनस्पती तेलांचा साबण काढला त्याला या ग्राहकांचे पाठबळ मिळाले. १९५९ मध्ये सर्फची पूड आली आणि १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमाचा उद्योग सुरू झाला. पुडीमुळे कपडे बादलीत भिजत घालण्याची रीत रुळली, म्हणजे आधीच भरलेल्या मोरीत तासन्‌तास जागा अडवणारी आणखी एक वस्तू आली.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सदनिकांत आंघोळ मोरीतून बाहेर पडून बंद दाराच्या बाथरूममध्ये गेली. पुढे वॉशिंग मशीन सामान्य घरांत पोचल्यावर स्वयंपाकघरालगतची लहानशी गॅलरी, जिला बांधकाम व्यावसायिक ड्राय बाल्कनी म्हणतात, धुण्याभांड्यांसाठी राखली जाऊ लागली. पाणी सोडायचे भोक, नळ आणि उतार असलेल्या या जागेला कोरडी म्हणणे धाडसाचे असले, तरी मागच्या दाराचे काम पुन्हा मागे गेले हे खरे. पुढच्या दाराला मात्र असा वारस मिळाला नाही. सदनिकेच्या नकाशात पडवी नसल्यामुळे चपलांचे कपाट दाराबाहेरच्या सामायिक मार्गिकेत ठेवले जाते आणि त्यावरून शेजाऱ्यांत कुरबुरी होतात. पावसाळ्यातील रेनकोट आणि छत्र्या घर ओलांडून ड्राय बाल्कनीत नेल्या जातात, आणि तेथे त्या मशीनमधून नुकत्याच काढलेल्या कपड्यांशेजारी निथळत राहतात.