मधला स्पीकर आधी



होम थिएटर बघायला गेलं की दुकानदार आधी मागचे स्पीकर वाजवून दाखवतो. हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं, पाऊस पाठीमागे पडतो, ऐकणारा खूश. आमच्या घरची अडचण वेगळी होती. सत्तरीनंतर ह्यांना टीव्हीवरचे संवाद कळेनासे झाले. आवाज वाढवला की संगीत वाढतं, शब्द तसेच पुसट. दोन-तीनदा "काय म्हणाला तो?" विचारून झालं की हे उठून आतल्या खोलीत जाऊन बसतात. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलोच, पण टीव्हीचंही काहीतरी करायला हवं होतं. म्हणून खरेदीआधी मी या स्पीकरांचा इतिहास वाचून काढला. बी.कॉम. झालेल्या बाईला जुनी वही बघितल्याशिवाय नवी नोंद करवत नाही.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून होते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला आणि त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. ते चित्रपट मुके, त्यामुळे आवाज असायचा तो पडद्यापाशी बसलेल्या वादकांचा. मग १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून त्याचं चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर करत. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. या सगळ्या बोलपटांचा आवाज पडद्यामागून, एकाच जागेवरून यायचा.

त्याच १९३१ सालची एक गोष्ट मला फार आवडली. लंडनचे इंजिनिअर अॅलन ब्लमलाइन होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेले होते. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकलं. यावर उपाय आहे असं त्यांनी तिला सांगितलं आणि वर्ष संपायच्या आत स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्जही केला. म्हणजे मुळात धडपड कशासाठी होती? ज्याचं तोंड हलतंय तिथूनच शब्द यावा, एवढ्यासाठी.

चहूबाजूंनी आवाज नंतर आला. डिस्नेच्या 'फँटेशिया'ने १९४० मध्ये तो प्रयोग केला, पण सामान इतकं महाग की मोजक्याच थिएटरांत बसवता आलं. पुढे अमेरिकेत घरोघर टीव्ही आला, थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा १९५२-५३ पासून सिनेरामा आणि सिनेमास्कोपवाल्यांनी रुंद पडदे आणि जास्त स्पीकर लावले. गंमत बघा, लोकांना घरातून बाहेर ओढायला काढलेली युक्ती आज आपण पैसे मोजून घरात आणतो!

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७५ चा 'शोले' ७० एमएमचा, सहा ट्रॅकच्या आवाजाचा. मुंबईच्या मिनर्व्हात उडवलेलं नाणं ऐकून लोक खुर्चीखाली शोधायचे असं सांगतात. साध्या ३५ एमएमच्या थिएटरांत मात्र नाणं पडद्यावरच पडायचं. तरी संवाद सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालेच.

ज्यांचं नाव आपण रिमोटवर वाचतो ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ भारतातच होते, युनेस्कोतर्फे सल्लागार म्हणून. मग लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली, ती टेपची खरखर घालवायला. त्यांची घरासाठीची पहिली सराउंड पद्धत १९८२ ची. तिच्यात डावा, उजवा आणि मागचा आवाज होता, मधला नव्हताच. तो १९८७ मध्ये 'प्रो लॉजिक'ने आणला. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. आमच्या गल्लीतली वीस-पंचवीस माणसं एका टीव्हीसमोर, त्याला एकच स्पीकर, आणि शब्द कुणाचा चुकला नाही. त्या जाड टीव्हीचा स्पीकर समोर तोंड करून असायचा. आताचे पातळ टीव्ही बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बोलतात.

आजच्या ५.१ मध्ये समोर तीन, मागच्या बाजूला दोन आणि '.१' म्हणजे फक्त घुमणारा खालचा आवाज. बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तो नसला की ते डाव्या-उजव्यात, संगीताबरोबर मिसळतात. हे कळल्यावर माझा हिशोब सोपा झाला. पैसे आधी मध्याला. ज्या सेटमध्ये मधला स्पीकर इतरांपेक्षा चिमुकला होता, तो मी बाजूला ठेवला. दुकानात हेलिकॉप्टर बंद करायला सांगून महाराजसाहेबांचं प्रवचन लावलं आणि ह्यांना शेवटच्या खुर्चीवर बसवलं. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

समोरचे तीन आणले आहेत. मधला टीव्हीखाली, कानाच्या दिशेला किंचित वर कललेला. टाइल्सच्या खोलीत टाळी वाजवली की घुमत होती, म्हणून जाड पडदे आणि सतरंजी आली. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर फार घुमतो, शिवाय शेजाऱ्यांची भिंत सामाईक, तेव्हा तो तूर्त नाही. मागचे दोन बाजूला, बसण्याच्या जागेच्या किंचित मागे लागतील. ते दिवाळीनंतर बघू. त्यांच्या वायरीसाठी भिंतीत पाइप मात्र रंगकाम सुरू व्हायच्या आधीच टाकून घेतला.