जुन्या छायाचित्रातील आगगाडी

भारतातून येताना वडीलधाऱ्यांनी ट्रंकेत जपून आणलेल्या छायाचित्रांत एखादे तरी फलाटावरचे असते. आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी रेल्वेच्या नोकरीत होती, तेव्हा त्यात नवल नाही. परंतु मागे तारीख लिहिलेली नसते आणि ती सांगू शकणारे आता हयात नाहीत. अशा वेळी डब्याचीच साक्ष काढावी.

प्रथम अक्षरे पाहावीत. 'जी. आय. पी.' ही अक्षरे जुन्या कारभाराची होत. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. परंतु सारे डबे एकाच दिवशी रंगविले जात नाहीत. म्हणून एकदोन वर्षांची सवलत ठेवावी. फ्रंटियर मेलच्या पाटीवर 'पेशावर' असेल, तर छायाचित्र १९२८ ते १९४७ या काळातले. फाळणीनंतर ती गाडी अमृतसरपर्यंतच जाऊ लागली.

आपणां सर्वांची लाडकी दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्या दोन गाड्या होत्या: एक रुपेरी, तांबड्या पट्ट्यांची, दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. मात्र कृष्णधवल छायाचित्रात रंग ओळखताना जपावे. त्या काळच्या कित्येक फिल्मांवर निळा फिका आणि तांबडा काळा उमटत असे.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे वर्गाचा आकडा. दख्खनच्या राणीत प्रारंभी पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ रोजी जुना पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग जून १९५५ मध्ये आला आणि एप्रिल १९७४ मध्ये त्याचे नाव दुसरा झाले. तेव्हा या गाडीच्या डब्यावर तीनचा आकडा दिसला, की छायाचित्र त्या एकोणीस वर्षांतले समजावे. १९६६ साली तिचे डबेच बदलले. नवे-जुने ओळखता आले, तर ही मुदत आणखी आवळता येते.

निष्कर्ष निघाला, की पेन्सिलीने छायाचित्रामागे लिहावा: 'सुमारे' हा शब्द घालून, आणि कशावरून ठरविले तेही. फलाटावर उभ्या माणसांची नावे आठवत असतील, तर ती मात्र आजच लिहावीत. डबा आपली साक्ष पुढेही देत राहील. नावे सांगणारे कोणी उरणार नाही.