चवदार तळ्याचें पाणी

केडगांवाच्या उत्तरेकडून भीमा नदी वाहत जाते. तिच्याच वरच्या अंगास, कोरेगांवाजवळ एक दगडी स्तंभ उभा आहे. १८१८ सालच्या लढाईंत कंपनी सरकारच्या बाजूनें जे शिपाई पडले त्यांचीं नांवें त्यावर कोरलेलीं असून त्यांत महार शिपायांचीं नांवें पुष्कळ आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर या स्तंभापाशीं आले. ज्यांच्या पूर्वजांचीं नांवें दगडावर कोरलीं गेलीं, त्यांस गांवच्या पाणवठ्यावर पाऊल ठेवण्याची मात्र मनाई असावी, ही विसंगति तेथें कोणासही सलावी अशीच होती. त्यानंतर बरोबर अकरा आठवड्यांनीं, १९ मार्च रोजीं, कोकणांत महाड येथें बहिष्कृत समाजाची परिषद भरली.

महाडच कां, असें श्रोते विचारतील. कुलाबा जिल्ह्याच्या त्या भागांत पलटणींतून निवृत्त झालेले महार शिपाई बरेच होते. अस्पृश्यतेविरुद्ध १८८८ सालींच लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर हे त्याच प्रांतांतील माजी सैनिक. शिवाय महाडच्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे सुधारणेचे पुरस्कर्ते होते. आणि परिषद भरविण्यासाठीं रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणानें पायपीट केली होती.

कायद्याचा आधारही होताच. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चानें बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय. १९२४ च्या जानेवारींत महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपलें चवदार तळें त्याप्रमाणें खुलें केलें. पण तीन वर्षें लोटलीं तरी त्या तळ्याकडे जाण्याची एकाही अस्पृश्याची छाती झाली नाहीं. मुसलमान, ख्रिस्ती तेथें पाणी भरीत, गुरेंढोरें पीत. अडविला जाई तो हिंदु म्हणविणारा अस्पृश्य मनुष्य. परिषदेस आलेल्या हजारों लोकांसाठीं पाणी विकत घ्यावें लागलें, आणि त्यासाठीं चाळीस रुपये मोजावे लागले. तळें भरलेलें असतां चाळीस रुपयांचें पाणी! पोकळ ठरावाची किंमत याहून नेमकी कोणत्याही हिशेबनिसानें मांडली नसती.

२० मार्च रोजीं परिषद आटोपतां आटोपतां अनंतराव चित्रे यांनीं सुचविलें कीं, आतां सर्वांनीं तळ्यावर जावें. मिरवणूक शिस्तीनें निघाली. डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले, ओंजळीनें पाणी घेतलें व प्याले. मागून इतरांनीं तसेंच केलें. इतकेंच घडलें. परंतु थोड्याच वेळांत, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी खोटी आवई गांवांत उठली. लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर आला. कित्येक प्रतिनिधि त्या वेळीं जेवीत होते; अन्न मातींत गेलें, माणसें रक्तबंबाळ झालीं, परतीच्या वाटेवर एकट्यादुकट्यास गांठून मारहाण झाली. कांहींना मुसलमानांच्या घरीं आसरा मिळाला.

येथेंच या कथेंतील पहिली कसोटी आहे. मार खाल्लेल्यांत पलटणींत मुरलेले गडी होते. लाठी चालविणें त्यांस शिकवावें लागलें नसतें. डॉ. आंबेडकरांच्या एका शब्दाची वाट होती, आणि तो शब्द आला तो शांत राहण्याचा. फिर्याद झाली, व पुढें हल्लेखोरांपैकीं कांहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली. इकडे सनातनी मंडळींनीं शेण, गोमूत्र, दूध, दहीं यांच्या १०८ घागरी मंत्रोच्चारासह तळ्यांत ओतून तें 'शुद्ध' करून घेतलें. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावास चार वर्षें झालीं त्याच दिवशीं, म्युनिसिपालिटीनें आपला ठराव रद्द केला.

सत्याग्रहाची तयारी सुरू झाली तेव्हां पुण्याचे केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनीं पाठिंबा देऊं केला. अट एकच, ब्राह्मणांस वगळावें. डॉ. आंबेडकरांनीं ती मानली नाहीं. विरोध ब्राह्मण्याशीं आहे, ब्राह्मण माणसाशीं नव्हे, हें त्यांचें म्हणणें होतें. तें नुसतें बोलणें नव्हतें. डिसेंबरच्या परिषदेंत, २५ तारखेस, मनुस्मृति जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मणानें मांडला. परिषदेसाठीं हिंदूंकडून जागा मिळेना, ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें दिली. दुकानें बंद, म्हणून धान्य बाहेरून आणावें लागलें. डॉ. आंबेडकर मुंबईहून आगबोटीनें दासगांव बंदरीं उतरले.

पण विरोधकांनीं डाव साधला होता. तळें खाजगी मालकीचें आहे, असा दिवाणी दावा लावून त्यांनीं १४ डिसेंबर रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. हजारों स्वयंसेवक तुरुंगांत जाण्यास तयार होऊन आलेले! जिल्ह्याचे कलेक्टर हूड यांनीं परिषदेंत येऊन हुकूम मोडूं नका असें सांगितलें. रात्रीं खल झाला, आणि २७ डिसेंबर रोजीं सत्याग्रह तहकूब ठेवण्याचें ठरलें. मंडळी तळ्याभोंवतीं मिरवणुकीनें फिरून परत गेली. पाण्यास कोणी स्पर्श केला नाहीं.

या निर्णयाबद्दल तेव्हांही कुरकुर झाली. मार्चमधील संयमापेक्षां हा संयम अधिक कठीण होता, असें म्हणावेंसें वाटतें. लाठीपुढें हात आवरण्यांत निदान शौर्य दिसतें. कागदाच्या तुकड्यापुढें पाऊल मागें घेण्यांत तें दिसत नाहीं. पण सनातन्यांबरोबर सरकारासही शत्रु करण्याचें कारण नव्हतें, आणि दावा जिंकण्याची उमेद होती.

दावा रेंगाळला. १९३१ सालीं महाडच्या न्यायाधीशांनीं निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. १९३३ सालीं ठाण्याच्या अपिलांत तोच कायम राहिला. मधल्या काळांत पुण्यास पर्वतीचा (१९२९) आणि नाशिकास काळारामाचा (१९३० ते १९३५) सत्याग्रह झाला, दोन्हीकडे दगडगोटे खावे लागले, आणि देवळांचे दरवाजे कांहीं उघडले नाहींत. अखेर १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें शेवटचें अपील फेटाळलें. अस्पृश्यांस वगळण्याची रूढि अनादि काळापासून चालत आली हें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं. ओंजळ भरल्यास दहा वर्षें होण्यास तीन दिवस उणे होते! निकाल देणारे न्यायमूर्ति ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींस सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच.

अमेरिकेंत काळ्या लोकांस नळ निराळा व मोटारींतील बैठक निराळी, हा प्रकार तेथील दक्षिणेच्या राज्यांत फार वर्षें चालला. त्यांच्या लढ्याशीं डॉ. आंबेडकरांस आपुलकी होती. १९४६ सालीं त्यांनीं त्या समाजाचे विद्वान पुढारी डु बॉइस यांस पत्र पाठविलें. माँटगोमेरी शहरांत १९५५ च्या डिसेंबरपासून वर्षाहून अधिक काळ काळ्या नागरिकांनीं बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला असतांही त्यांनीं जमलेल्या लोकांस शस्त्रें घरीं नेण्यास सांगितलें. तेथेंही अखेरचा निकाल न्यायालयांतच लागला. महाडास तेव्हां अठ्ठावीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्यानें डॉ. आंबेडकरांनीं जी राज्यघटना घडविली, ती २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आली. तिच्या पंधराव्या कलमांत, जातीच्या कारणावरून कोणासही अडवितां येणार नाहीं अशा जागा मोजून सांगितल्या आहेत. दुकानें व उपाहारगृहें यांपाठोपाठ तेथें विहिरी आणि तलाव यांचीं नांवें आलीं आहेत.