खोली कोणाला? लास वेगासच्या हॉटेलांचे विसरलेले पान

अमेरिकेच्या सहलीला निघालेल्या मंडळींचा लास वेगासमध्ये एखाद-दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ठरलेला असतो. मग घरात खल सुरू होतो : कारंज्यांचे बेलाजिओ घ्यायचे, आत कालवे असलेले व्हेनेशियन, की पिरॅमिडच्या आकाराचे लक्झर? खिसा आणि हौस यांचा मेळ बसला की खोली पक्की. पुतण्याच्या सहलीच्या निमित्ताने आमच्याकडेही हा खल झाला आणि मी सवयीप्रमाणे खोल्यांचे दर सोडून हॉटेलांचा इतिहास उकरत बसलो.

त्यात हाती लागले ते 'ग्रीन बुक'. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपालवाल्याने १९३६ पासून काढलेली ही पुस्तिका. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावी कोठे उतरता येईल, याची ती यादी. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तिचे अंक सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यात लास वेगास या नावाखाली झगमगत्या हॉटेलांपैकी एकही मला सापडले नाही. सापडले ते एफ स्ट्रीटवरचे हॅरिसन गेस्ट हाउस, म्हणजे एका बाईने चालवलेले राहते घर. बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी सरायीत नाव बदलून राहावे लागले, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या पुस्तिकेची गरज वेगळी समजावून सांगायला नको.

लास वेगास मुळात रेल्वेचे गाव. १९०५ मध्ये जमिनीचे लिलाव होऊन ते वसले. १९३१ मध्ये नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी कोलोरॅडो नदीवरच्या प्रचंड धरणाचे काम सुरू झाले. पैसा आला, माणसे आली. आधी कृष्णवर्णीयांची दुकाने गावाच्या मध्यभागीही होती. पुढे नगरपालिकेने परवान्यांचे नूतनीकरण रोखायला सुरुवात केली : धंदा करायचा तर रुळांपलीकडे 'वेस्टसाइड'ला जा. तिथे धड रस्ते नव्हते, गटारे नव्हती. १९४१ मध्ये एल रांचो वेगास, पुढल्या वर्षी लास्ट फ्रंटियर, १९४६ च्या नाताळात फ्लेमिंगो असा स्ट्रिपवरचा थाट वाढत गेला, तो चालवण्यासाठी लागणारे हात मात्र वेस्टसाइडहून येत. खोल्या झाडणारे, भांडी घासणारे, सामान वाहणारे. लुईझियाना आणि आर्कन्सॉतून पोटासाठी आलेली ही माणसे या गावाला 'पश्चिमेचे मिसिसिपी' म्हणत.

मंचावरच्या कलावंतांचीही गत फारशी वेगळी नव्हती. सॅमी डेव्हिस ज्युनिअर तरुणपणी लास्ट फ्रंटियरमध्ये नाचले, टाळ्या मिळाल्या, आणि झोपायला वेस्टसाइडच्या एका घरात गेले. एखाद्या कृष्णवर्णीय ताऱ्याने पाय बुडवला म्हणून हॉटेलवाल्यांनी तलाव उपसला, अशी एक कथा जो तो सांगतो. ती वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या हॉटेलांच्या संदर्भात भेटते, म्हणून मी ती पुरावा मानत नाही. पुराव्याची वाण नाहीच. १९५२ मध्ये जोसेफिन बेकर यांनी एल रांचो वेगासमध्ये गाताना आपल्या प्रेक्षकांत वर्णभेद चालणार नाही अशी अट घातली. अट घालावी लागली, यातच सारे आले.

२४ मे १९५५ रोजी बोनान्झा रोडवर 'मूलां रूज' उघडले. सर्व वर्णांच्या पाहुण्यांना खोली देणारे हे शहरातले पहिले मोठे हॉटेल-कॅसिनो. दारात स्वागताला मुष्टियोद्धा जो लुई. महिनाभरात तिथल्या नर्तकी 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या. स्ट्रिपवरचे खेळ संपवून गोरे-काळे सगळेच कलावंत इकडे यायचे, म्हणून मध्यरात्रीनंतर अडीच वाजता तिसरा खेळ लावावा लागे. आणि नोव्हेंबरात हॉटेल बंद! स्ट्रिपवाल्यांनी गळा घोटला असे पुष्कळजण मानतात. मला ते पुरते पटत नाही. त्याच वसंतात रॉयल नेवाडा, रिव्हिएरा आणि ड्यून्स ही तीन नवी हॉटेले उघडली होती, खोल्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त झाल्या होत्या आणि मूलां रूजचे भांडवल तोकडे होते. मालकही बहुतांश गोरेच होते. जो लुईचा वाटा नावापुरता.

खरी कोंडी फोडली एका दंतवैद्याने. डॉ. जेम्स मॅकमिलन हे शहरातले पहिले कृष्णवर्णीय दंतवैद्य आणि एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे स्थानिक अध्यक्ष. १९६० मध्ये त्यांनी महापौरांना लिहिले : २६ मार्चपर्यंत भेदभाव थांबवा, नाहीतर स्ट्रिपवर मोर्चा. देशभर छायाचित्रे गेली तर पर्यटक आटतील, हे हॉटेलवाल्यांना नेमके कळले. 'लास वेगास सन'चे संपादक हँक ग्रीनस्पन मध्यस्थीला उतरले. बंद पडलेल्या मूलां रूजमध्येच बैठक झाली आणि बहुतेक हॉटेलांनी दारे उघडली. मॅकमिलन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार खरा व्यवहार बैठकीआधीच पडद्यामागे ठरला होता. बैठक लोकांना दाखवण्यापुरती. इतिहासात बैठकांचे फोटो राहतात, आधीचे फोन राहत नाहीत.

खोली मिळाली, नोकरी नाही. पत्ते वाटणारा, हिशेब ठेवणारा, व्यवस्थापक या जागांसाठी १९७१ मध्ये न्यायालयामार्फत हॉटेलांकडून लेखी कबुली घ्यावी लागली. म्हणजे पाहुणा म्हणून पुढच्या दाराने आत आल्यावर कामगार म्हणून तेच दार ओलांडायला आणखी ११ वर्षे.

मूलां रूज आगींत जळाले, उरलेले पाडले गेले. एफ स्ट्रीटवरचे हॅरिसन यांचे घर उभे आहे. पुतण्याने वेगासहून पहिला फोटो पाठवला तो शहराच्या वेशीवरच्या 'वेलकम टू फॅब्युलस लास वेगास' या पाटीखालचा. ती पाटी १९५९ मध्ये बेटी विलिस यांनी रेखली. मूलां रूजची नागमोडी अक्षरांची पाटीही त्यांचीच. ती आता तिथल्या निऑन संग्रहालयात आहे. मी त्याला ती पाहून ये म्हणून कळवले, पण तोवर त्यांची बस ग्रँड कॅन्यनच्या वाटेला लागली होती.